समुद्राची पाऊणकी

मराठी माणसाला निसर्ग आवडतो, यात वादच नाही. फक्त तो नाश्ता आणि जेवण यांच्या मधल्या वेळात दिसावा, गाडी थांबते तिथून फार चालायला लावू नये, आणि त्याच्या शेजारी कुठेतरी चहा मिळावा, एवढी माफक अपेक्षा असते. माथेरान, महाबळेश्वर, तारकर्ली यांना आपली इतकी सवय झाली आहे की त्यांनी या अटी कधीच मान्य करून टाकल्या. महाबळेश्वरला तर सूर्यही ठरलेल्या पॉइंटवर येऊन मावळतो आणि कणीस खाऊन होईपर्यंत थांबतो, असा माझा संशय आहे.

पंचाईत होते ती अंदमानात. चेन्नई काय, कोलकाता काय, दोन्ही तिथून बाराशे किलोमीटरांच्या आसपास. पाचशेहून अधिक बेटं, त्यातल्या मोजक्या तीसेक बेटांवर माणसांची वस्ती, आणि जमिनीचा चार पंचमांशापेक्षा जास्त भाग जंगलाखाली. एवढा निसर्ग एकत्र राहायला लागला की तो कुणाचं ऐकत नाही.

अंदमानात उतरलेला मराठी माणूस आधी सेल्युलर जेलमध्ये जातो. जायलाच हवं. सावरकर 1911 ते 1921 तिथे होते. त्या कोठडीपुढे आमच्या गटातले सगळ्यात बोलके भाऊजीसुद्धा गप्प झाले आणि बसमध्ये बसल्यावरही बराच वेळ गप्पच राहिले. तो या लेखाचा विषय नाही, विनोदाचा तर नाहीच नाही. मी सांगतोय ते त्यानंतरचं, म्हणजे टूरचा माणूस माईकवर ‘आता उद्यापासून निसर्ग’ असं जाहीर करतो तिथपासूनचं.

निसर्गाशी पहिला खटका उडाला तो घड्याळावरून. आपल्या देशाचं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, मिर्झापूरच्या जवळ. मुंबई त्याच्या पश्चिमेला, पोर्ट ब्लेअर पूर्वेला, जवळजवळ 93 अंशांवर. म्हणजे मुंबईत सूर्य डोक्यावर येतो साडेबारा वाजून गेल्यावर, आणि पोर्ट ब्लेअरला सव्वाअकराच्या सुमारास. भूगोलाच्या पुस्तकात हे सगळे शिकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. अंदमान त्याची उजळणी करून घेतं. डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाच म्हणजे सूर्यास्त. दुपारची झोप, मग चहा, मग ‘निघू या हळूहळू’ या क्रमाने निघालेला माणूस चिडिया टापूला पोचतो तेव्हा समोर काळोख आणि आजूबाजूला परत निघालेल्या गाड्या. आमच्यातल्या एका काकांनी तर ड्रायव्हरलाच जाब विचारला, ‘अहो, साडेपाचला कुठे अंधार पडतो का?’ ड्रायव्हरने नम्रपणे सांगितलं की साहेब, इकडे रोजच पडतो.

याची दुसरी बाजू सकाळची. सहा वाजायच्या आत खोलीत लख्ख उजेड येतो. साडेसहाला पक्षी आपली पहिली शिफ्ट संपवून सावलीत गेलेले असतात. आठला आपण ‘निसर्गभ्रमण’ या मथळ्याखाली बाहेर पडतो, तेव्हा निसर्गाच्या दृष्टीने बाजार उठलेला असतो. खरा उपाय सोपा आहे. घड्याळ मनातल्या मनात सव्वा तास पुढे करायचं, रात्रीचं जेवण सातला उरकायचं आणि नऊला झोपायचं. पण सहलीला जाऊन नऊला झोपणं हा आपल्याकडे पैशांचा अपव्यय समजला जातो.

सूर्याचं एक वेळ समजावून घेता येतं, तो रोज साधारण त्याच वेळी येतो-जातो. समुद्राचं तसं नाही. त्याचा दिवस चंद्राच्या हिशोबाने चालतो, त्यामुळे आज भरतीची जी वेळ, उद्या तिच्यापेक्षा पन्नासेक मिनिटं उशिरा. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना हे पंचांग न उघडता सांगता यायचं. तिथीला पाऊणने गुणायचं, आलं भरतीचं उत्तर. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे पूर्वी शाळेत घोकून घेत, त्यातली पाऊणकी समुद्राने अजून टाकलेली नाही. अंदमानात ती जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण तिथल्या भरतीची मूळ वेळच निराळी. पण रोज पाऊण तासाने पुढे सरकायचा नियम तोच.

हे सगळं आठवायचं कारण नील बेट. या बेटाचं 2018 साली शहीद द्वीप झालं, हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि 2024 साली पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं, पण जेट्टीवरची हाक अजून ‘नील, हॅवलॉक’ अशीच ऐकू येते, म्हणून मीही तसंच लिहितो. नीलवर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती आहे. त्यांनी भाजीचे मळे केले आणि गावांना, किनाऱ्यांना नावं दिली ती रामनगर, भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. बंगाली माणसाला पुलाची आठवण होणारच, त्यामुळे तिला स्थानिक लोक हावडा ब्रिज म्हणतात.

कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं, ‘सकाळी नाश्त्यानंतर नॅचरल ब्रिज.’ नाश्त्यानंतर आम्ही गेलो. समुद्रही आला होता. कमानीच्या पायापर्यंत पाणी, तिथे जायची वाट पाण्याखाली, आणि किनाऱ्यावर शहाळी विकणारी एक बाई आमच्याकडे, गिऱ्हाईक आयतं चालून आल्यावर बघतात, तशा मायेने बघत होती. वाट दाखवणारा पोरगा म्हणाला, ‘दोपहर को आइए, पानी उतर जाएगा.’ टूरचा माणूस म्हणाला, दुपारी आपलं जेवण आहे, मग बोट आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. आमच्यातल्या बहुतेकांनी कमानीकडे पाठ करून फोटो काढले आणि नॅचरल ब्रिज ‘झाला’. आम्ही तिघं-चौघं मात्र जेवणावर पाणी सोडून दुपारी परत गेलो. बोट पकडायला किती धावपळ झाली ते सांगत नाही, पण गेलो ते बरं झालं.

सकाळी जिथे लाटा होत्या तिथे आता खडकांचं मैदान उघडं पडलं होतं आणि त्यात जागोजागी पाण्याची डबकी. डबकी म्हणायला जीभ रेटत नाही, पण आकाराने डबकीच. परातीएवढी, घंगाळाएवढी, काही तर वाटीएवढी. पहिल्या नजरेला त्यात काही नसतं. उकिडवं बसून दोन मिनिटं हलायचं नाही, मग एकेक पात्र रंगमंचावर येतं. तळाशी एक काळी, जाडजूड, रबरी नळीचा तुकडा वाटावी अशी वस्तू पडलेली. ती समुद्रकाकडी, म्हणजे चक्क प्राणी, आणि तो वाळू खात पुढे सरकत होता. खडकाच्या फटीतून वळवळणारे पाच काळे दोरे बाहेर आले आणि माझी सावली पडताच आत गेले. ती नाजूक हातांची तारामाशाची एक चुलत जात. आणि एका खोलगट डबक्यात खडकात रुतून बसलेला महाशिंपला. त्याच्या कवचाच्या नागमोडी फटीतून मखमलीसारखा ओठ बाहेर आलेला, निळा, त्यावर हिरवे ठिपके, कडेला जांभळट झाक. पोराने त्यावर फक्त हात धरला, पाण्याला स्पर्शही न करता. सावली पडली मात्र, सगळा ओठ आकसून आत गेला. हात काढला, थोड्या वेळाने पुन्हा हळूहळू बाहेर. वहिनी म्हणाल्या, ‘पैठणीचा काठ असा मिळाला असता तर!’ त्या पाऊण तासात वहिनींनी मोबाईल पर्समधून काढला नाही, ही गोष्ट आमच्या घरात नोंद करण्यासारखी आहे.

पोरगा पुन्हा पुन्हा बजावत होता, पाय बघून ठेवा, प्रवाळावर देऊ नका. प्रवाळ म्हणजे रंगीत दगड, ही समजूत मनातून जाता जात नाही. तो लाखो बारक्या जिवांनी बांधलेला वाडा आहे आणि बरेचसे रहिवासी आत जिवंत आहेत. समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापलं की हे जीव आपल्यातलं रंगीत शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. 2010 साली अंदमानात असं मोठ्या प्रमाणावर झालं, त्यानंतरही झालं. काही ठिकाणी ते सावरले, काही ठिकाणी पांढरा सांगाडाच राहिला. 2004 च्या त्सुनामीच्या भूकंपात तर उत्तर अंदमानची जमीन वर उचलली गेली आणि प्रवाळांचे पट्टेच्या पट्टे कायमचे पाण्याबाहेर आले. दक्षिणेला उलट घडलं, निकोबारच्या टोकाचं इंदिरा पॉइंट चार मीटरांहून जास्त खाली खचलं. समुद्राची पाऊणकी तेवढ्यापुरती कुणालाच सुटली नाही.

नीलच्या त्याच किनाऱ्यावर शंख वेचायचा मोह होतो. होऊ देऊ नका. एक तर विमानतळावर सामान तपासतात, तिथे शंख-प्रवाळ काढून घेतात आणि वर कायदा ऐकवतात. दुसरं म्हणजे रिकामा शंख रिकामा नसतो, तो कुणीतरी हेरून ठेवलेला असतो. मऊ पोटाचा जो खेकडा दुसऱ्याच्या शंखात राहतो, त्याला वाढत्या अंगाबरोबर मोठा शंख लागतो. चांगला मोठा शंख दिसला की हे खेकडे लहान-मोठ्या क्रमाने रांग लावतात. सर्वांत मोठा नव्या घरात शिरला की त्याच्या मागचा त्याच्या जुन्या घरात, त्याच्या मागचा त्याच्या, आणि काही क्षणांत सगळ्यांची बदली पूर्ण. बिल्डर नाही, एजंट नाही, स्टँप ड्युटी नाही. आपण शोकेससाठी एक शंख उचलला की ही अख्खी साखळी अडते. पुनर्विकासात भाड्याच्या घरी राहिलेल्या माणसाला तरी हे समजायला हरकत नाही.

आता चिवड्याकडे वळतो.

पोर्ट ब्लेअरपासून थोड्या अंतरावर वंडूर आहे. 1983 साली इथे सागरी राष्ट्रीय उद्यान झालं, त्यात पंधरा बेटं. त्यांतल्या जॉली बॉय आणि रेड स्किन या दोन बेटांवर प्रवाशांना सोडतात, पण एका वेळी एकाच. हिवाळ्या-उन्हाळ्यात जॉली बॉय, पावसाळ्याच्या बाजूला रेड स्किन, म्हणजे दुसऱ्याला विश्रांती. शेतकरी जमीन पडीक ठेवतो तसाच हा प्रकार, आणि मला सरकारी नियमांत इतका शहाणपणाचा नियम क्वचित आढळला आहे. या बेटांवर प्लास्टिक नेता येत नाही. वंडूरच्या जेट्टीवर वनखात्याची माणसं पिशव्या उघडून बघतात. पाण्याच्या बाटल्यांची नोंद होते, जितक्या नेल्या तितक्या परत दाखवायच्या.

मराठी गटाची पिशवी उघडणं हे सोपं काम नव्हे. वहिनींच्या एकाच पिशवीतून पातळ पोह्यांचा चिवडा, बाकरवडी, शेंगदाण्याची चटणी, आलेपाक, बडीशेप, आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेले मेथीचे लाडू असा ऐवज निघाला, प्रत्येक जिन्नस वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर, आणि सगळ्या पिशव्या मिळून आणखी एका मोठ्या पिशवीत. तपासणाऱ्या मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती म्हणाली, ‘आंटी, खाना ले जाइए, प्लास्टिक नहीं.’ वहिनी म्हणाल्या, ‘अगं, पण चिवडा हातात कसा नेऊ?’ मराठीतच म्हणाल्या, तरी तिला कळलं. मग जेट्टीच्या कठड्यावर बैठक बसली. एका आजींकडे स्टीलचा डबा निघाला, त्यात चिवडा गेला. लाडू रुमालात. बाकरवडीचं काय करायचं यावर एकमत होईना, म्हणून ती तिथल्या तिथे संपवायची ठरलं आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांसकट सगळ्यांना वाटली. बोट वीस मिनिटं उशिरा सुटली, पण त्या जेट्टीवर कुणी कुणावर रागावलं नाही.

पुढे काचेच्या तळाच्या बोटीतून खालचे मासे बघताना नावाड्याने पोपटमासा दाखवला. हिरवा-निळा, आणि तोंड खरंच पोपटाच्या चोचीसारखं. तो प्रवाळाचे टवके काढून खातो, त्यातलं शेवाळ पचवतो आणि उरलेल्या चुन्याचं पीठ मागच्या बाजूने सोडतो. प्रवाळबेटांवरच्या पांढऱ्याशुभ्र वाळूत या पिठाचा वाटा मोठा असतो. हनिमूनची जोडपी जिच्यावर बदाम काढून आत नावं लिहितात ती ही वाळू. मी हे बोटीत मोठ्याने सांगितलं, तेव्हा दोन जोडप्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

जंगलाबद्दल फार लिहीत नाही, कारण जंगलाने आम्हाला फार काही दाखवलं नाही. ताडोबा करून आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘वाघ?’ वाघ नाही, बिबट्या नाही, मुळातलं असं मोठं जनावर रानडुकराच्या वर नाहीच. रॉस बेटावर हरणं हातातलं खायला येतात, पण ती इंग्रजांनी आणून सोडलेली. त्यांना खाणारं कुणी नाही, म्हणून ती वाढली आणि रोपटी खात सुटली. हत्ती आणले लाकूड ओढायला. एका कंपनीचं बस्तान उठलं तेव्हा तिने आपले हत्ती इंटरव्ह्यू बेटावर सोडून दिले आणि त्यांची प्रजा तिथे रानटी झाली. म्हणजे ज्यांच्यासोबत आपण कौतुकाने फोटो काढतो ते सगळे पाहुणे. घरची मंडळी बघायची तर मान वर करायला हवी. अंदमानचा काळा सुतार, लालभडक तुऱ्याचा, जगात इतरत्र कुठे नाही. नारकोंडम बेटावरचा धनेश तर त्या एकाच बेटावर, आणि तिथे आपल्याला कुणी सोडत नाही. न सोडल्यामुळेच तो आहे.

सोडायला नको अशी आणखी एक जागा आहे, पण तिथे सोडतात. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी बघायला जिरकाटांगपासून पहाटे गाड्यांचा ताफा निघतो आणि जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. फोटो काढायचा नाही, थांबायचं नाही, काही द्यायचं नाही, असे नियम आहेत आणि ते योग्यच आहेत. तरी बसमधल्या प्रत्येक खिडकीतून काय शोधलं जातं ते सगळ्यांना ठाऊक असतं. जारवा काही शेच उरले आहेत. हा रस्ता त्यांच्या भागात बंद करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच म्हटलं. माणसं बघायला जाणं याला निसर्गप्रेम म्हणायची माझी तयारी नाही, म्हणून मी त्या दिवशी हॉटेलात राहिलो. गंमत म्हणजे बाराटांगचं खरं कौतुक आहे जवळच्या पॅरट आयलंडचं, जिथे संध्याकाळी पोपटांचे थवे खारफुटीवर मुक्कामाला येतात. पण दिवसभराच्या सहलीला आलेल्यांना परतीचा ताफा दुपारीच गाठावा लागतो. पोपट घरी यायच्या आत माणसं घरी. बाराटांगला जायचंच तर समुद्रमार्गाने जावं, तिथे रात्र काढावी आणि पोपट बघावेत.

शेवटचा मुद्दा अमावस्येचा, आणि यावर मला घरात बरंच ऐकून घ्यावं लागलं आहे. अमावस्येला प्रवासाला निघू नये, असं आमच्या मावशीचं ठाम मत. ती तिकिटं हातात घेऊन आधी तिथी बघते, मग भाडं. मीही तिथी बघतो, पण उलट्या कारणासाठी. हॅवलॉकच्या खारफुटीच्या खाडीत अंधाऱ्या रात्री लहान होडीतून नेतात. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव असतात, त्यांना धक्का लागला की ते निळसर चमकतात. वल्हं मारलं की वल्ह्याभोवती प्रकाशाचा भोवरा. बोटं बुडवली की पाचही बोटांना वेगळी रेघ. मासा पळाला तर तो कुठून कुठे गेला ते पाण्यावर लिहिलेलं. चांदणं असेल तर यातलं निम्मंही दिसत नाही. म्हणजे हवी अमावस्या. आणि ओहोटीही सर्वांत मोठी लागते ती अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारासच, कारण तेव्हा सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात. खडकांमधली ती डबकी उघडी पडायची तर पौर्णिमाही चालेल, पण दोन्ही एकाच फेरीत हवं तर अमावस्येला पर्याय नाही. मावशीला मी हे सगळं सूर्य-चंद्रासकट समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘म्हणजे काळोखात, खाडीत, होडीतून? आणि तिथे मगरी असतात ना?’ असतात. खाऱ्या पाण्यातल्या, चांगल्या मोठ्या. म्हणून जिथे स्थानिक लोक नेतात तिथेच जावं आणि जिथे मगरीचा फलक आहे तिथे पाण्यात पाय घालू नये.

तेव्हा अंदमान ठरवत असाल तर सुट्ट्या आणि ऑफर बघण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. बेटं कमी करा आणि प्रत्येक बेटावरचा मुक्काम वाढवा, म्हणजे ओहोटी दुपारी असो की पहाटे, तुम्ही तिथे असाल. गटाबरोबर जात असाल तर टूरवाल्याला आधीच विचारा की भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून कार्यक्रम आखलाय का. तो गोंधळला तर दुसरा शोधा. फराळ स्टीलच्या डब्यात न्या. डिसेंबर ते एप्रिल समुद्र बराच शांत असतो आणि त्या काळात पाच अमावस्या येतात. कुठलीही निवडा, फक्त सोमवती नको. जॉली बॉय सोमवारी बंद असतं.